रवांडातील वंशसंहार : वाचलेल्यांवरील मानसिक परिणाम

एप्रिल ते जुलै १९९४ या सुमारे शंभर दिवसांत रवांडात आठ लाखांहून अधिक माणसे मारली गेली; त्यांत बहुसंख्य तुत्सी समाजाचे होते. मारेकऱ्यांत शेजारी होते, ओळखीचे होते. न्यामाता, न्तारामा येथे तर आसऱ्याला गेलेल्यांची कत्तल चर्चमध्येच झाली. त्यामुळे वाचलेल्यांच्या मनात भीतीबरोबरच माणसांवरचा अविश्वासही खोल रुजला.

या वेदनेला किन्यारवांडा भाषेत ‘इहाहामुका’ हा शब्द रूढ झाला. त्याचा अर्थ साधारणपणे ‘फुफ्फुसेच नसणे’. श्वास अडकतो, छाती धडधडते, जुने प्रसंग डोळ्यांसमोर पुन्हा घडू लागतात. आघाताची खूण शरीरावर कशी उमटते, हे सांगणारा इतका नेमका शब्द क्वचितच सापडेल.

दरवर्षी ७ एप्रिलला स्मरणकाळ सुरू होतो. सभांमध्ये काहीजण अचानक किंचाळतात, पळू लागतात, कोसळतात; म्हणून समुपदेशक तिथे हजर ठेवावे लागतात. ज्यांचा जन्म संहारानंतरचा आहे, अशा तरुणांनाही हा त्रास होताना दिसतो.

बलात्कार सोसलेल्या अनेक स्त्रियांना एचआयव्हीची लागणही झाली. विधवांनी १९९५मध्ये ‘अवेगा’ ही संघटना उभारली आणि परस्परांना आधार दिला.

सत्य बोलल्याने मन हलके होते, हा समज मात्र जपूनच स्वीकारावा लागतो. संहारातील आरोपींसाठीच्या ‘गचाचा’ या गावपातळीवरील न्यायसभा २०१२पर्यंत चालल्या. तिथे साक्ष दिलेल्यांमध्ये नैराश्य आणि आघातोत्तर ताणाचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळले. साक्ष देऊन त्यांना आरोपीच्याच गावात परतायचे होते.