‘अर्धसत्य’ आणि खाकीतला कामगार



महाड-पोलादपूरच्या माणसाच्या मनात पोलीस म्हटले की दोन चित्रे उभी राहतात. १० सप्टेंबर १९४२ रोजी नाना पुरोहितांच्या नेतृत्वाखाली महाडच्या कचेरीवर मोर्चा गेला. गोळीबार झाला, आणि आपली माणसे हुतात्मा झाली. हे एक. दुसरे असे, की याच खेड्यांतून पोटासाठी मुंबईस गेलेल्यांपैकी कोणी गिरणीत लागला, तर कोणी पोलिसांत भरती झाला. लाठी धरणारा आणि लाठी खाणारा एकाच भावकीतला निघावा, हे येथे कुणास नव्याने सांगावयास नको.

हा पेच धीटपणे मांडला तो गोविंद निहलानी यांच्या १९८३ सालच्या ‘अर्धसत्य’ने. चित्रपट हिंदी, पण त्याची मुळे मराठीत. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’, पटकथा विजय तेंडुलकरांची, नाव दिलीप चित्रे यांच्या कवितेवरून आलेले. ओम पुरींचा फौजदार अनंत वेलणकर आणि सदाशिव अमरापूरकरांचा दादा रामा शेट्टी एकदा पाहिले की विसरत नाहीत.

वेलणकर प्रामाणिक आहे. जाळल्या गेलेल्या माणसाने मरताना रामा शेट्टीचे नाव घेतले, म्हणून तो त्याला धरावयास जातो. एक टेलिफोन होतो, आणि त्यास हात हलवीत परतावे लागते. वर मान ताठ करता येत नाही, तेव्हा हात खाली चालतो. किरकोळ चोरीचा एक आरोपी कोठडीत त्याच्या मारानेच मरतो. मग निलंबन टाळण्यासाठी तो त्याच शेट्टीच्या दारी जातो, शेवटी त्याचा गळा दाबतो आणि स्वतः ठाण्यात हजर होतो. शेट्टी मेल्यावर पुष्कळांना बरे वाटते. आमचा प्रश्न असा, की कोठडीत मेलेल्या त्या गरिबाचा हिशेब कोणी मागावयाचा?

काळही ध्यानात घ्या. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. त्याच वर्षी १८ ऑगस्टला मुंबईचे पोलीसच रस्त्यावर उतरले. सरकारने त्यांच्या संघटनेची मान्यता काढून घेतली, पुढाऱ्यांना अटक केली, शहरात लष्कर आणले. १९६६ च्या कायद्याने पोलिसास सरकारच्या परवानगीवाचून युनियनमध्ये जाता येत नाही. वरिष्ठाचा हुकूम चुकीचा वाटला तर दाद मागण्यास ज्याला स्वतःची संघटना नाही, तो आपला राग कोणावर काढणार? जो त्याच्याहून दुबळा असेल त्याच्यावर.

म्हणून वेलणकरची कीव करून त्यास सोडून देणे आम्हांस मान्य नाही, आणि त्यालाच सैतान ठरवून टेलिफोन करणाऱ्यास विसरणेही मान्य नाही. १९९६ साली डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेसंबंधी नियम घालून दिले: अटकेची नोंद, नातेवाइकांस खबर, वैद्यकीय तपासणी. ते प्रत्येक वाडीवस्तीवर ठाऊक व्हावयास हवेत. शिपायास बोलण्याचा हक्क आणि आरोपीस जगण्याचा हक्क, या दोन्ही मागण्या एकाच निवेदनात लिहिल्या पाहिजेत. एकीसाठी दुसरी सोडणाऱ्या निवेदनावर आम्ही सही करणार नाही.