बाराचे माप



लग्नाचा बार उडवून द्यावयाचा, एखाद्या पुढाऱ्याचे भाषण फुसका बार ठरावयाचे, मुद्दा ठासून सांगावयाचा. ज्यांनी उभ्या जन्मात बंदुकीस हात लावला नाही, अशी मंडळीही रोज बंदुकीच्याच भाषेत बोलत असतात. बार म्हणजे एका वेळी नळीत घालावयाची दारू आणि गोळी. नवी शिकारी बंदूक हाती आली म्हणजे तिला मानवेल असा बार बसवून घ्यावा लागे. ती एक विद्या होती. ती आमच्या मुलखात कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेली, एवढीच हकीकत आज सांगावयाची आहे.

चिखलीच्या लोकांना हा विषय अगदीच परका नाही. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना येथून चार-पाच कोसांवर आहे, आणि देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवतीचा 'रेड झोन' तळवडे-चिखलीकडच्या पुष्कळ घरमालकांना तोंडपाठ आहे. शिवाय या सभेत लेथवर हात बसलेली माणसे बरीच असणार. आमचा विषय शेवटी मापाचाच आहे, तेव्हा तो त्यांना आमच्याइतकाच, कदाचित आमच्याहून चांगला समजेल.

तोड्याच्या बंदुकीपासून सुरुवात करू. या बंदुका एकसारख्या नसत. लोहार पोलादी गजाभोवती लोखंडाची पट्टी गुंडाळून, ठोकून नळी करी. दोन नळ्यांचे भोक तंतोतंत सारखे निघणे हा योगायोगच. म्हणून गोळी बाजारातून आणून चालत नसे. त्या बंदुकीचा गोळीचा साचा निराळा असे, आणि शिसे वितळवून त्यात गोळ्या ओताव्या लागत. दारूचे तसेच. सोरा, गंधक आणि कोळसा हे तीन जिन्नस सर्वांना ठाऊक होते, पण सोरा किती शुद्ध, कोळसा कोणत्या लाकडाचा, दाणा जाड की बारीक, पावसाळ्यात ओल किती लागली, यावर तिचा जोर ठरे. शिकारी शिंगड्यातून मापट्यात दारू घेई, ती नळीत ओती, वर चिंधीत गुंडाळलेली गोळी ठेवी, आणि गजाने ठाशी. मग कानावर रंजक घालून जामगी पेटवावयाची. माप चुकले तर काय होई? कमी पडले तर गोळी जनावराला लागे पण आत जात नसे; अधिक झाले तर धक्का बसून नेम हाले, आणि फारच अधिक झाले तर नळी फाटून शिकाऱ्याचाच घात होई.

यातली खरी भीती जखमी जनावराची. मेलेले जनावर मेले, चुकलेले पळाले. पण पोटात अर्धवट गेलेली गोळी घेऊन झाडीत शिरलेले रानडुक्कर किंवा बिबळ्या उद्या पाणवठ्यावर येणाऱ्या बाईची वाट अडवून उभा राहतो. बाराचे माप ही शिकाऱ्याची हौस नव्हती, गावाशी असलेली त्याची जबाबदारी होती, असे आमचे मत आहे. नवी बंदूक घेतलेला माणूस प्रथम झाडाच्या बुंध्यावर किंवा मडक्यावर बार उडवून पाही. मापटे थोडे कमी, थोडे अधिक करी, आणि गोळ्या जिथे एकमेकींजवळ पडू लागत ते माप कायम करी. पुढे तीच बंदूक मुलाकडे गेली तर मापटेही तिच्याबरोबर जाई.

पेशवाईत जुन्नरकडे आंबेगव्हाण येथे तोफेचे गोळे करण्याचा कारखाना होता. म्हणजे सरकारी दारूगोळा तेव्हाही होता; परंतु खाजगी बंदुकीचा बार ज्याचा त्याच्या हातीच राहिला.

हे माप कागदावर उतरविण्याचे मोठे काम विलायतेत झाले. १७४२ साली बेंजामिन रॉबिन्स याने तोफविद्येवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने जड ठोकळा लोलकासारखा टांगला, त्यावर गोळी झाडली, आणि ठोकळा किती मागे झुलला यावरून गोळीचा वेग काढला. तोपर्यंत दारूचा जोर आवाजावरून आणि धक्क्यावरून ओळखीत. आता तो आकड्यात आला. हा रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत, तटबंदीच्या कामासाठी हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली मद्रासच्या दक्षिणेस फोर्ट सेंट डेव्हिड येथे वारला. पुण्यास तेव्हा नानासाहेब पेशव्यांचा अंमल होता. आमच्याकडील बारूदवाल्यांचे ज्ञान कमी प्रतीचे होते असे आम्ही म्हणत नाही; ते बोटांत होते, आणि बोटांतले ज्ञान माणसाबरोबर जाते.

काडतूस हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांनी दिला. कागदी काडतुसात सैनिकाचा बार आधीच मोजून बांधलेला असे. १८५७ च्या एन्फिल्ड काडतुसाला लावलेल्या चरबीची हकीकत शाळेतल्या मुलालाही माहीत आहे. आम्हांला त्याच्या आतल्या मापाकडे लक्ष वेधावयाचे आहे. त्या गोळीचे वजन ५३० ग्रेन होते आणि दारू सुमारे ६८ ग्रेन. सराफाच्या हिशेबाने १८० ग्रेनचा एक तोळा आणि त्याच्या ९६ गुंजा. म्हणजे तीन तोळ्यांस जरा कमी शिसे आणि छत्तीस गुंजा दारू. शिपाई कोणीही असो, बंदूक पलटणीतली कोणतीही असो, बार हाच. वैयक्तिक मापाची जागा येथे सरकारी मापाने घेतली.

पुढे कागद जाऊन पितळ आले. खडकीचा कारखाना १८६९ साली निघाला, तो या स्थित्यंतराच्या ऐन काळात. पितळी काडतुसात टोपी, दारू आणि गोळी एकत्र बसली, आणि बार भरणे हे काम शिकाऱ्याच्या अंगणातून यंत्राच्या रांगेत गेले.

पण पितळेची एक गंमत आहे. बार उडाल्यावर कागद जळतो, पितळ उरते. टोपी नवी बसवावी, दारू तोलून घालावी, गोळी दाबून बसवावी, की काडतूस पुन्हा तयार. विलायती बंदुकीच्या पेटीत बारा बोअरची काडतुसे पुन्हा भरण्याची हत्यारेच त्या काळी येत. युरोप-अमेरिकेतील शिकाऱ्यांनी ही कला आजतागायत टिकविली आहे. नवी रायफल घेतली की ते दारूचे वजन अगदी थोड्या थोड्या अंतराने बदलतात, गोळी काडतुसात किती खोल बसवावी तेही बदलून पाहतात, आणि कागदावर कोणता पुंजका सर्वांत लहान येतो ते मोजतात. इतके कष्ट का? तर गोळी धावत असता नळी सतारीच्या तारेसारखी थरथरते. प्रत्येक बार सारखा असेल तर प्रत्येक गोळी त्या थरथरीच्या त्याच क्षणी बाहेर पडते. बार बदलला की क्षण बदलतो, आणि गोळी भलतीकडे जाते. एकाच कारखान्याच्या, पाठोपाठच्या नंबरांच्या दोन रायफलींनासुद्धा एकच बार मानवेल असे नाही. एका ड्रॉइंगवरून उतरलेले दोन जॉब मायक्रोमीटरखाली कधी सारखे भरतात काय, हे या सभेतील टर्नरला विचारावे.

मग ही कला आमच्याकडे का रुजली नाही? आळस हे त्याचे कारण नव्हे. लॉर्ड लिटनच्या राजवटीत १८७८ चा हत्यारांचा कायदा आला. त्याने हत्यार बाळगण्यास परवाना लावला, आणि परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा ठरविला. परवान्याच्या जाचातून गोऱ्या लोकांना सूट होती. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी ४५० बोअरच्या शिकारी रायफलींवर हिंदुस्थानात बंदी आली, तिचे कारण तर मोठे बोलके सांगतात: त्या काडतुसातली गोळी काढून जुन्या मार्टिनी-हेन्रीच्या काडतुसात भरता येईल, ही सरकारची धास्ती! हाताने भरलेल्या बाराला साम्राज्य इतके भीत होते. लंडनच्या बंदूकवाल्यांनी मग ४६५, ४७० अशी नवी मापे काढली. फौजेची थ्री-नॉट-थ्रीही खाजगी हातांना वर्ज्य, म्हणून हिंदुस्थानच्या बाजारासाठी ३१५ बोअर आला.

या दुनळी विलायती रायफलींविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एका ठिकाणी पडाव्यात म्हणून कारागीर ठरावीक बार उडवून उडवून नळ्या जुळवी, आणि तो बार नळीवर कोरून ठेवी. मात्र विलायतेच्या थंडीत जुळविलेला बार नागपूर-चांद्याच्या वैशाखात चाले ना. उष्णतेने कॉर्डाइट दारूचा दाब वाढे. तेव्हा उष्ण देशांसाठी कमी दारूची निराळी काडतुसे निघाली. शिकारी साहेबाचा असो की संस्थानिकाचा, त्याच्या बाराचे माप अखेर आमच्या उन्हाने ठरविले.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला. गोऱ्या-काळ्याचा भेद तेव्हा उरला नव्हता, परंतु दारूगोळा करण्यास परवाना लागतो हे तत्त्व राहिले. ३१५ ची रायफल सरकारी कारखान्यात होऊ लागली, आणि खडकीच्या काडतुसाच्या बुडावर 'केएफ', म्हणजे किर्की फॅक्टरी, ही अक्षरे उमटली. परवानेवाल्याला जे काडतूस दुकानात मिळे तेच त्याच्या रायफलीचे नशीब. बार रायफलीला जुळवावयाचा की रायफल बाराला, हा प्रश्नच मिटला. २०२१ पासून हा कारखाना म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे.

शिकारीचा प्रश्न १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मिटविला, आणि तो मिटला हे चांगलेच झाले. कोल्हापूरच्या छत्रपतींचे दाजीपूरचे शिकारीचे रान १९५८ सालीच अभयारण्य झाले होते. त्याच राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या तीन आसनी प्रकारात कांस्यपदक मिळविले. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे पन्नास मीटर प्रोन प्रकारात जागतिक विजेत्या झाल्या होत्या.

या खेळातले पॉइंट टू-टू काडतूस घरी पुन्हा भरता येत नाही. त्याची टोपी बुडाच्या कडेतच असते. तरीही जुना प्रश्न सुटत नाही. त्याच कंपनीच्या, त्याच पेटीवरच्या नावाच्या काडतुसांतही एका घाण्याचा माल एका नळीला मानवतो, दुसऱ्या घाण्याचा मानवत नाही. म्हणून वरच्या दर्जाचे नेमबाज रायफल शिकंजात घट्ट बसवितात, निरनिराळ्या लॉटची काडतुसे एकामागून एक झाडतात, कागदावरची भोके मोजतात, आणि ज्या लॉटचा पुंजका सर्वांत लहान येईल त्याचा नंबर लिहून घेऊन तेवढाच माल मागवितात.