आंग्रे ते ‘अँग्रिया’ : एका आडनावाचा प्रवास

१/ इंग्लंडच्या यॉर्कशायर प्रांतात हॉवर्थ नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील धर्मोपदेशकाच्या घरात १८३४ साली एका बहीणभावाने कागदावर एक राज्य स्थापन केले. त्या राज्याला राजा होता, राजधानी होती, उगवत्या सूर्याचे चिन्ह होते आणि सरता न सरणारी युद्धे होती. राज्याचे नाव होते ‘अँग्रिया’.

२/ मराठी कानाला हे नाव परके वाटू नये. त्याआधीची शंभर वर्षे इंग्रजी ग्रंथांत नेमके हेच नाव, याच अक्षरांत, कोकणच्या आंग्रे घराण्यासाठी छापले जात होते. कुलाब्याच्या सरखेलांचे आडनाव आणि हॉवर्थच्या मुलांचे स्वप्नराज्य! या दोन टोकांच्या मध्ये नावाचे काय काय झाले, ते आज पाहू.

३/ आरंभ अर्थातच कोकणात. घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी या गावावरून ते आंग्रे झाले. तुकोजींचे पुत्र कान्होजी प्रथम ताराबाईंच्या पक्षात होते. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी त्यांच्याशी तह करून त्यांना शाहू महाराजांकडे वळविले आणि त्यांचे सरखेलपद कायम झाले. सरखेल म्हणजे आरमाराचा प्रमुख.

४/ कान्होजींचे म्हणणे साधे होते : या किनाऱ्यावरून व्यापार करावयाचा तर आमचे दस्तक, म्हणजे परवाना, घ्या, अन्यथा जहाज जप्त होईल. ही रीत त्यांनी शोधून काढलेली नव्हती. पोर्तुगीज दोनशे वर्षे ‘कार्ताझ’ देत आले होते आणि इंग्रज कंपनीही स्वतःचे परवाने देत असे. परवाना मराठ्यांनी मागितला, तेव्हा मात्र त्या मागणीला ‘चाचेगिरी’ हे नाव पडले.

५/ १७१२ मध्ये मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरचे खासगी जहाजच कान्होजींच्या हाती लागले. पुढे गव्हर्नर चार्ल्स बून याच्या कारकिर्दीत इंग्रजांनी १७१७ मध्ये विजयदुर्गावर, १७१८ मध्ये खांदेरीवर आणि १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्गावर चाल केली. तिन्ही वेळा हात हालवीत परतावे लागले. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज एकत्र होऊन कुलाब्यावर आले. बाजीराव मदतीस धावून गेले आणि ती मोहीमही फसली.

६/ तोफांनी जे साधले नाही ते पुढे छापखान्याने साधले. कंपनीच्या या मोहिमांत असलेल्या क्लेमेंट डाउनिंग याने १७३७ मध्ये लंडनला एक पुस्तक प्रसिद्ध केले. आंग्र्यांच्या उदयाची व बळाची हकीकत सांगणाऱ्या या पुस्तकाच्या शीर्षकातच ‘अँग्रिया’ या नावापुढे ‘चाचा’ ही उपाधी जोडलेली होती. पुस्तक उघडण्यापूर्वीच वाचकापुढे निकाल ठेवला गेला.

७/ कान्होजी १७२९ मध्ये वारले. पुढे घरात फूट पडली. एकीकडे मानाजी, दुसरीकडे संभाजी व त्यानंतर तुळाजी. तुळाजी आणि पेशवे यांचे वितुष्ट इतके वाढले की पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला.

८/ त्या लढाईत विजयदुर्गाच्या आश्रयाला उभे असलेले आरमार जळून गेले. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत पडले. मराठ्यांचे सर्वांत समर्थ आरमार मराठ्यांच्याच संमतीने नष्ट झाले. इंग्रजांच्या लेखणीला दोष देताना ही गोष्ट झाकून ठेवता येत नाही.

९/ विल्यम जेम्सच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने १७८४ मध्ये लंडनजवळ शूटर्स हिल या टेकडीवर त्याच्या स्मरणार्थ एक त्रिकोणी मनोरा उभारला. त्याचे नाव ‘सेव्हर्नड्रुग’, म्हणजेच आपला सुवर्णदुर्ग! तो मनोरा आजही उभा आहे.

१०/ आता पुन्हा हॉवर्थ. जून १८२६ मध्ये पॅट्रिक ब्राँटे यांनी मुलासाठी लाकडी शिपायांची पेटी आणली. शार्लट, ब्रॅनवेल, एमिली आणि ॲन या भावंडांनी एकेक शिपाई उचलून त्याला नाव दिले. शार्लटच्या शिपायाचे नाव ड्यूक ऑफ वेलिंग्टन, ब्रॅनवेलच्या शिपायाचे बोनापार्ट. त्या शिपायांसाठी मुलांनी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ‘ग्लास टाउन’ वसविले आणि तळहातात मावतील एवढ्या वह्यांमध्ये, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, त्याचा इतिहास लिहिला.

११/ त्यातूनच १८३४ मध्ये शार्लट आणि ब्रॅनवेल यांचे ‘अँग्रिया’ निघाले. एमिली व ॲन यांनी ‘गोंडल’ नावाचे आपले वेगळे राज्य थाटले. अँग्रियाचा राजा झामोर्ना. त्याचा वंश पाहिला की मराठी वाचक क्षणभर थबकतो : कथेत तो वेलिंग्टनचा पुत्र आहे! तोच वेलिंग्टन, ज्याने १८०३ मध्ये असईच्या रणात शिंदे-भोसल्यांचा पराभव केला. आंग्र्यांच्या नावाचे राज्य, आणि सिंहासनावर असईच्या विजेत्याचा मानसपुत्र.

१२/ मात्र येथे पुराव्याची शिस्त पाळली पाहिजे. दोन नावांची अक्षरे तंतोतंत जुळतात. हे नाव इंग्रजी ग्रंथांत दीर्घकाळ वावरत होते आणि ब्राँटे भावंडे हाती पडेल ते वाचत होती. एवढ्यावरून संबंध संभवनीय ठरतो. सिद्ध ठरत नाही. ‘ब्राँटे भगिनींनी कान्होजींवर कादंबरी लिहिली’ असा संदेश कोणी पाठविला, तर तो पुढे ढकलू नका. त्या राज्यात ना कोकण आहे, ना आरमारी मराठे. उरले आहे ते केवळ नाव.

१३/ १८३९ च्या सुमारास शार्लटने त्या राज्याचा निरोप घेतला. १८४७ मध्ये तिची ‘जेन एअर’ प्रसिद्ध झाली. मधल्या काळात, १८४० मध्ये, मेकॉलेने क्लाइव्हवर आपला गाजलेला निबंध लिहिला. त्यात विजयदुर्ग आला आहे आणि ‘अँग्रिया’ही; पुन्हा चाचा म्हणूनच, तोही एका ओळीत. हा अँग्रिया म्हणजे तुळाजी. इंग्रजांच्या लेखी कान्होजी काय, संभाजी काय, तुळाजी काय, सारेच ‘अँग्रिया’. दोन पिढ्यांचा झगडा एका शब्दात कोंबला गेला.

१४/ निबंधकाराच्या हाती ते नाव तुच्छतेचे झाले आणि त्याच सुमारास मुलांच्या वह्यांत ते वैभवाचे होते. पण दोन्हीकडे त्या नावाचा माणूस हरवलेला होता. दस्तक मागण्याचा अधिकार कोणाचा, हा मूळ प्रश्न ना निबंधात उरला, ना स्वप्नराज्यात.

१५/ हा प्रवास अजून संपलेला नाही. विजयदुर्गाच्या पश्चिमेस, सुमारे १०० किलोमीटर आत, समुद्राखाली प्रवाळांचे विस्तीर्ण पठार आहे. नकाशावर त्याचे नाव आजही ‘अँग्रिया बँक’ असेच आहे. मुंबईत भारतीय नौदलाचा जो तळ आहे, त्याचे नाव मात्र १९५१ पासून ‘आय. एन. एस. आंग्रे’. एकाच किनाऱ्यावर एकाच माणसाची दोन नावे नांदत आहेत : एक शत्रूने लिहिलेले, दुसरे आपण परत घेतलेले. पुढच्या वेळी नकाशा उघडाल तेव्हा दोन्ही शोधून पाहा.