पहारेकरी पेशी आणि एड्सचा विषाणु

इ. स. १८६८ सालीं पॉल लँगरहान्स या तरुण जर्मन वैद्यक-विद्यार्थ्यास मनुष्याच्या त्वचेंत शाखायुक्त पेशी आढळल्या. त्या मज्जातंतूंच्या असाव्यात, असा त्याचा समज झाला. त्यांचें खरें कार्य उमगण्यास शतकाहून अधिक काळ लोटला. १९७३ सालीं न्यूयॉर्क येथें राल्फ स्टाइनमन व झॅन्व्हिल कोन यांनीं उंदराच्या प्लीहेंत अशाच पेशी पाहून त्यांस ‘डेंड्रिटिक’, म्हणजे वृक्षाप्रमाणें शाखा असलेल्या, हें नांव दिलें. शिरलेल्या जंतूचा अंश पकडून लसिकाग्रंथींतील टी-पेशींस दाखवावा व त्यांस युद्धास सिद्ध करावें, हें त्यांचें काम.

१९८३ सालीं पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत एड्सचा विषाणु सांपडला. पुढें १९९२ सालीं स्टाइनमन प्रभृतींनीं दाखविलें कीं, हा विषाणु या पेशींच्याच आश्रयानें टी-पेशींपर्यंत पोंचतो. जो पहारेकरी वर्दी द्यावयाचा, त्याच्याच पाठीवरून शत्रु गडांत शिरतो! शिवाय रक्तांतील पहारेकऱ्यांची संख्याही घटते.

१९९६ च्या सुमारास अनेक औषधांची एकत्रित योजना सुरू झाली. तिनें विषाणूची वाढ रोखली जाते व ही संख्याही बरीच सांवरते. परंतु पहिलें सामर्थ्य पूर्णपणें परत येतेंच असें नाहीं. टी-पेशींत दडलेला विषाणु औषध थांबतांच बहुधा पुन्हा डोकें वर काढतो. म्हणूनच तें आजन्म, न चुकतां घ्यावें लागतें.