खेकडे, देव आणि धरणाखालची माणसे

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले. वीसहून अधिक माणसे गेली. चौकशी व्हायची होती, पण तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांना दोषी सापडला होता : खेकडे! अशी सबब जगाला नवी नाही. २६ फेब्रुवारी १९७२ रोजी अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातील बफेलो क्रीक येथे कोळसा कंपनीचा खाणकचऱ्याचा बांध फुटला. १२५ माणसे मेली, सुमारे चार हजार बेघर झाली. कंपनी म्हणाली, ही देवाची करणी.

त्याच वर्षी अमेरिकेने धरण तपासणीचा कायदा केला. पुढे तिथे तीन वर्ग रूढ झाले. धरण फुटल्यास माणसे मरण्याची शक्यता असेल, तर उच्च धोका. जीवितहानी नाही पण मोठे नुकसान होणार असेल, तर लक्षणीय धोका. बाकीची कमी धोक्याची. धरण भक्कम आहे की जर्जर, हे हा वर्ग सांगत नाही. तो एकच विचारतो : खाली कोण आहे? खाली नवी वस्ती झाली, तर भिंतीचा एक दगडही न हलता धरणाचा वर्ग बदलतो.

आपल्याकडे १९८५ च्या भारतीय मानकाने धरणे लहान, मध्यम, मोठी अशी विभागली, ती मुख्यतः पाण्याचा साठा आणि उंची मोजून. पाणी मोजले, माणसे मागे राहिली. परिणामांवर आधारलेली मार्गदर्शिका केंद्रीय जल आयोगाने २०२० मध्ये काढली. धरण सुरक्षा कायदा २०२१ मध्ये आला.

आम्ही धरणविरोधी नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात श्रममंत्री असताना बाबासाहेबांनीच दामोदर खोरे योजनेला दिशा दिली. आजच्या जल आयोगाची पूर्वसंस्थाही त्यांच्याच कार्यकाळात, १९४५ मध्ये उभी राहिली. म्हणूनच हा प्रश्न विचारण्याचा पहिला हक्क आमचा आहे.

प्रश्न मोजणीचा आहे. नुकसान रुपयांत मोजले की बंगला भरतो, झोपडी भरत नाही. वीटभट्टीवरचा मजूर, कोपीत राहणारा ऊसतोड कामगार तिथल्या मतदारयादीत नसतो. धोक्याच्या मोजणीत तरी असतो का? गावकुसाबाहेर ढकललेली वस्ती पुष्कळदा सखल जागी असते. पाणी जात विचारत नाही हे खरे, पण पाण्याच्या वाटेत कोणी राहायचे, हे जातीने आधीच ठरवलेले असते. प्रत्येक माणसाचे मूल्य एकच, हे संविधानाचे तत्त्व धरणाखालीही लागू झाले पाहिजे.

कायद्याने धरणमालकावर आपत्कालीन कृती आराखड्याचे बंधन घातले आहे. जुन्या धरणांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. मित्रांनो, माहिती अधिकारात अर्ज टाका. आपल्या वरच्या धरणाचा वर्ग कोणता? आराखड्यात आपली वस्ती आहे का? रात्री भोंगा कोण वाजवणार? उत्तर लेखी घ्या, ग्रामसभेत वाचा. पुन्हा खेकड्यांवर खापर फुटण्याआधी.

जय भीम!