बॉस्टनचे शास्त्रीय स्वयंपाकघर

एलेन स्वॅलो रिचर्ड्स यांनी १८७३ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यालयाची पदवी घेतली. ती मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला. पुढे तेथेच त्या रसायनशास्त्र शिकवू लागल्या. प्रयोगशाळेतले ज्ञान चुलीपर्यंत पोहोचावे, ही त्यांची तळमळ. १८९० मध्ये मेरी हिनमन एबल यांच्यासह त्यांनी बॉस्टनमध्ये ‘न्यू इंग्लंड किचन’ उघडले. मंद आचेवर तासन्‌तास शिजविलेले गोमांसाचे सूप, वाटाण्याचे सूप, मक्याची लापशी गरिबांनी अल्प दरात घरी न्यावी आणि ती कशी शिजते तेही पाहावे, अशी योजना होती.

गरिबांनी मात्र पाठ फिरविली. आयरिश व इटालियन स्थलांतरितांना, म्हणजे बहुतांशी आपल्याच धर्मबांधवांना, घरची चव हवी होती. मला हा हेकटपणा वाटत नाही. सेमिनरीतील पहिल्या वर्षी घरच्या आंबट कालवणासाठी माझाही जीव कासावीस होत असे.

शिक्षणसंस्थांत मात्र हे कार्य रुजले. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात रिचर्ड्सबाईंनी तीस सेंटांच्या जेवणासोबत त्यातील पोषकद्रव्यांचे छापील पत्रक दिले. त्यांच्या सहकारी मॅरियन टॅल्बट १८९२ पासून शिकागो विद्यापीठात आरोग्यशास्त्र शिकवीत होत्या. १८९४ मध्ये बॉस्टनच्या माध्यमिक शाळांना किचनमधून दुपारचे जेवण जाऊ लागले.

त्या काळच्या पोषणतक्त्यांत पालेभाजी व फळे यांना फारसे मोल नव्हते. इटालियन कुटुंबे भाजीवर पैसे उधळतात, असे तज्ज्ञ मानीत. ‘व्हिटामीन’ हा शब्द कासिमिर फंक यांनी १९१२ मध्ये योजला. रिचर्ड्सबाई १९११ मध्येच निवर्तल्या होत्या.