शियांगशानचा लाल उतार
१२. शियांगशान : बीजिंगच्या वायव्येचे हे डोंगरउतारावरचे उद्यान मूळ मजकुरात निव्वळ निसर्गदृश्य म्हणून येते, पण तिथल्या मंदिरांइतकाच तिथला रंगही माणसांनी जोपासला आहे. सम्राट छिएनलुंगने १७४५मध्ये येथील शाही उद्यानाचा विस्तार केला आणि त्याच्या काळात उतारांवर हुआंगलू या झाडाची मोठी लागवड झाली. त्याचे पान गोलसर, लांब देठाचे. रात्री गारठल्या की त्यातले हरितद्रव्य ओसरते आणि लाल रंगद्रव्य तयार होते. हे झाड उत्तर चीनमध्ये आपोआपही उगवते, मग श्रेय माणसाला का, ही शंका रास्त आहे. रंग निसर्गाचाच, डोंगरभर सलग पसरलेला देखावा मात्र लागवडीचा आणि निगराणीचा.

मंदिरांच्या प्राचीनत्वावरही आक्षेप घेता येतो. उद्यानालगतच्या पियुन मंदिराची स्थापना १३३१ची, पण त्याचा प्रसिद्ध वज्रासन स्तूप १७४८चा. तरीही उंच चौथऱ्यावर मधला मोठा आणि चार कोपऱ्यांना लहान मनोरे ही त्याची मांडणी बोधगयेच्या महाबोधी मंदिराच्या परंपरेतली आहे. १८६०मध्ये ब्रिटिश व फ्रेंच सैन्याने शाही उद्यान जाळले, त्यानंतरही हे स्थळ पुन्हा उभे राहिले. म्हणून अशा ठिकाणाचे वय केवळ दगडांवरून ठरवू नये. पिढ्यान्‌पिढ्या झालेली पुनर्बांधणी आणि पुनर्लागवड हाही त्याच वारशाचा भाग आहे. केवळ पाने पाहून परतणाऱ्या वाचक-प्रवाशाला त्याचा अर्धाच भाग दिसतो.